शाळेचा काही दोष नाही

परिपाठाला रोज एक पोरगी सुविचार सांगायची. त्या दिवशी सुविचार नव्हता. हेडमास्तरांनी माईकसमोर मला उभं केलं. बाजूला बाबा, हात जोडून. मैदानात अख्खी शाळा. आदल्याच दिवशी मी मेहकरच्या दवाखान्यातून घरी आले होते. नीट उभंही राहवत नव्हतं.

"मी सांगतो तसं म्हणायचं," हेडमास्तर म्हणाले. "मी जीव द्यायला निघाले, ही माझी चूक झाली."

म्हटलं. प्रतिज्ञा म्हणतात तसं, त्यांच्या मागोमाग.

सहामाहीत मी गणितात वर्गात पहिली आले होते. गणिताच्या सरांनी सगळ्यांपुढे माझं दप्तर उलटं केलं. डबा उघडला, चटणी वह्यांवर सांडली. कॉपीची चिठ्ठी काही सापडली नाही. मग तीच गणितं फळ्यावर सोडवायला लावली. सोडवली. तरी सर हसले.

"बौद्धवाड्यातली पोरगी अन् गणितात पयली? कोनाचं पाहून लिवलं वं?"

तेव्हापासून माझं नाव पडलं, कॉपी. पाचवीतली पोरंही हाक मारायची. शेजारी बसणारी मैत्रीण दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर गेली. घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "आपून गप राहावं माय. सायबाशी कोन भांडन?"

गप राहिले. जेवण जाईना. झोप येईना. पुस्तक उघडलं की लगेच मिटून ठेवायचे. सगळ्यांना दिसत होतं, विचारलं कुणीच नाही. दिवाळीनंतर मी मरायचं ठरवलं. शेजारच्या काकूंनी वेळेवर पाहिलं म्हणून वाचले. गावाने चौकशी केली ती एवढीच, पोरगा कोण होता?

"पुढं म्हण," हेडमास्तर म्हणाले. "शाळेचा काही दोष नाही."

मी तोंड मिटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. गणिताचे सर समोरच हाताची घडी घालून उभे होते, निवांत. ते पाहून माझं डोकं फिरलं. ह्या माणसापायी मी मरायला निघाले होते?

मी माईकवरच म्हणाले, "सर, तुम्ही मले वर्गात काय म्हनले, ते आता इथं म्हना."

बाबांनी थोबाडीत दिली. जोडलेले हात सोडून, सगळ्यांपुढे. पोरं हसली. हेडमास्तरांनी माईक बंद केला. "घेऊन जा हिला. डोकं ठिकाणावर नाही."

घरी येईपर्यंत बाबा रडत होते. मी नाही रडले. त्या थपडेचा राग माझा बाबांवर नाही, सरांवर आहे. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. पहिल्या बाकावर बसले. एकटी.

आता मी कॉलेजात आहे. आमच्या भागात एखादं पोर असं जीव देऊन गेलं की लोक विचारतात, लफडं होतं काय? नापास झालं काय? मी त्या पोराच्या शाळेत जाते आणि विचारते, वर्गात त्याला काय म्हणत होते? कोण म्हणत होतं? मला हाकलतात. मी पुन्हा जाते. म्हणणाऱ्याचं नाव सांगेपर्यंत जाणार आहे.