चौरंग उलटा करून बघणारा माणूस

माझ्या खानावळीला लागूनच प्यो गिल-सप यांचं दुकान आहे. जेवणाचे जुने चौरंग दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि कुणी न विचारता लाकूड ओळखून सांगणं ही त्यांची खोड. कोरियातल्या आमच्या नाजू गावात जुन्या घरांतून असे चौरंग अजून आहेत. एकेकाचं पान त्यावर मांडून स्वयंपाकघरातून उचलून न्यायचं. गिल-सप भाऊ माझ्याकडे सूप प्यायला आले की आधी वाकून टेबलाच्या खालची बाजू बघतात. वीस वर्षं टेबलं तीच आहेत, पण बघतात.

स्वतःचं लग्न ठरवायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. होणाऱ्या सासऱ्यांनी आमचा चौरंग अक्रोडाचा आहे, असं जरा मान ताठ करून सांगितलं. गिल-सप भाऊंनी वाट्या एकेक करून जमिनीवर ठेवल्या, चौरंग उलटा केला आणि म्हणाले, "पाइन आहे. वरून रंग दिलाय." मुलीची आई तेवढी बाहीत तोंड लपवून हसत होती, कारण ती हेच अकरा वर्षं नवऱ्याला सांगत होती. ती मुलगी, म्हणजे आता त्यांची बायको सुन-दक, म्हणते, आईला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून होकार दिला. नवऱ्याचा चेहरा तिनं नंतर, सवडीनं पाहिला.

असा माणूस दुकानदार म्हणून किती लोकांना आवडणार? कुणाच्या आजोबांचा चंदनी डबा त्यांनी साध्या लाकडाचा ठरवला, कुणाची राजदरबारातली पेटी बाजारातली. लोक चिडून जायचे आणि महिन्याभरानं मोडलेलं काहीतरी घेऊन परत यायचे, कारण सांधा त्यांच्यासारखा कुणी बसवत नाही.

गेल्या शरदात बुन-ई आजी आणि त्यांची सून यन-सिम चौरंग घेऊन आल्या. एक पाय निखळला होता. आजी नव्वदीच्या, सून सदुसष्टची. हा चौरंग गिंकोच्या, म्हणजे न वाकणाऱ्या किमती लाकडाचा, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. आजींच्या माहेरून तो नदीतल्या होडीतून आला होता आणि यन-सिम लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला त्याचं शिस्तीचं शिक्षण मिळालं होतं. ओलं फडकं लावायचं नाही. गरम भांडं थेट ठेवायचं नाही. पावसाळ्यात वाऱ्याला ठेवायचा, उन्हाला नाही. वर्षातून दोनदा तेलाचा हात. मुलानं त्यावर वही ठेवून अभ्यास केला म्हणून यन-सिमनं त्याला मारलंही होतं.

सुन-दकनं नवऱ्याला आधीच बजावलं होतं की काही निघालं तर तोंड मिटून ठेवा. त्यांनी खरंच प्रयत्न केला. मोडलेल्या सांध्याजवळ आडवा छेद ब्लेडनं साफ केला, भिंग लावलं आणि इतका वेळ गप्प राहिले, की मीच काळजीनं दारात जाऊन उभी राहिले. गिंकोच्या लाकडाला छिद्रं नसतात. ह्यात टाचणीनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं सगळीकडे होती.

"गुरुवारी न्या," ते म्हणाले.

"गिंकोच आहे ना?" यन-सिमनं सहज विचारलं.

ते खोकले. परत खोकले. मग म्हणाले, "फीनामू आहे." फीनामू म्हणजे डोंगरातलं ते मऊ, स्वस्त झाड, ज्याच्या सालीचे दोर वळतात.

मला वाटलं, आता सून खुदकन हसेल. पंचेचाळीस वर्षांचं उट्टं काढायची अशी संधी कुणाला मिळते? पण यन-सिमचा चेहरा लालबुंद झाला.

"भिंग बदला तुमचं, गिल-सप भाऊ. गिंकोच आहे तो."

आजी मात्र शांत. "फीनामू तर फीनामू. वडील गिंको म्हणाले, म्हणून मी गिंको म्हणत आले. मी काय झाड बघायला गेले होते? तू पाय बसव रे."

"आई, तुम्ही गप्प बसा," यन-सिम म्हणाली. असं ती सासूला पहिल्यांदाच म्हणाली असावी, कारण आजी खरंच गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी ती तीन पायांचा चौरंग कापडात गुंडाळून बसनं ग्वांगजूला गेली, दुसऱ्या कारागिराकडे. त्यानंही फीनामूच सांगितलं. परतल्यावर घरी न जाता माझ्याकडे येऊन बसली, चौरंग मांडीवर. सूप निवून गेलं.

"पोराला मारलं हो मी ह्याच्यासाठी," ती एवढंच म्हणाली.

गिल-सप भाऊ जेवायला आले होते. तिला बघून त्यांनी परत फिरायचा विचार केला, हे मला दिसलं. पण आले, तिच्या हातातून चौरंग घेतला आणि फळीवरून हळूच बोटं फिरवली.

"गिंको असता तर पुष्कळसं स्वतःचं स्वतःच सांभाळून घेतलं असतं त्यानं," ते म्हणाले. "फीनामू वाकतं, किडतं. सत्तर वर्षांची फीनामूची फळी इतकी सरळ राहिलेली मी आजवर पाहिली नाही. हे लाकडाचं काम नाही, यन-सिम. हाताचं आहे."

तिनं नाक पुसलं आणि गार सूप पिऊन टाकलं. घरी हे कळल्यावर सुन-दकनं नवऱ्याला विचारलं, की हे तिची समजूत घालायला म्हणालात ना? तर त्यांचा असा अपमान झाला, की रात्रीपर्यंत बोलले नाहीत.

गुरुवारी पाय बसला. न्यायला दोघी आल्या. सगळी हकिगत आजींच्या कानावर गेलीच होती.

"आणि ही यायच्या आधीची पंचवीस वर्षं कोण पुसत होतं?" आजींनी विचारलं. "सांग की रे, कुणाचा हात जास्त?"

गिल-सप भाऊंनी चौरंग उलटा केला, पुन्हा सुलटा केला. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या.

"ते लाकडावरून कळत नाही, आजी," ते म्हणाले. पुढे वाटभर दोघींचा त्यावरून वाद चालला होता, आणि चौरंग आजी हातातून सोडत नव्हत्या.