विहिरीत सोडलेला दिवा

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही आमच्या घरात चालत नव्हतं. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर, पक्के बौद्ध. कुणी नुसतं ‘बाहेरचं आहे’ म्हणालं तरी ताटावरून उठायचे. त्यात मी पोलीस हवालदार. प्रेताजवळ पहारा देता देता डबा खाल्लेली बाई आहे मी. तेव्हा हे वाचून मला मांत्रिकांचे पत्ते पाठवू नका, आधीच सांगून ठेवते.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. बदलापूरकडे तेव्हा लोडशेडिंगचा कहर होता आणि माझी नेमणूक त्याच पट्ट्यातल्या एका ठाण्यात होती. अंधारात पंचनामा लिहायचा म्हणजे टॉर्च बगलेत धरायची, मान वाकडी करायची आणि कागद मांडीवर घ्यायचा. एकदा माझ्या बगलेतून टॉर्च थेट गटारात गेली, तर साहेब हसले! मी फणकाऱ्याने म्हटलं, “साहेब, उभा राहणारा चार्जिंगचा दिवा घ्या. माणसाला दोनच हात असतात.”

“मग तुम्हीच आणा, गायकवाड. चांगला बघून.”

गेले उल्हासनगरला. दुकानातले सिंधी काका भले माणूस, तीन दिवे काढून ठेवले. पहिला इतका हलका की वाऱ्याने आडवा होईल. दुसऱ्याचा झोत लांब जायचा, पण हातातला कागद दिसेना. तिसऱ्याचं बूड रुंद, मागे लोखंडी हूक आणि उजेड छान पसरट. काकांनी प्लगला लावून दाखवला. “मैडम, उठाके तो देखो. बॅटरीचा वजन बघा ना!” वजन चांगलंच होतं. तोच घेतला.

ठाण्यात तो टेबलावर कायम प्लगला लावलेला. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, त्यामुळे वीज गेली तरी तो जळतच राहायचा. वायर काढायची कुणाची हिंमत नाही, कारण जो काढेल त्याच्यावर चार्जिंग उतरल्याची जबाबदारी. सरकारी वस्तूची काळजी आम्ही अशीच घेतो.

मग उन्हाळ्यात एकदा दिवेलागणीला निरोप आला — चामटोलीकडच्या एका वाडीत बाई विहिरीत पडली. मी दिव्याची वायर उपटली, ड्रायव्हर पाटीलने जीप काढली.

वाडीत वीज नव्हती. जीपचे दिवे विहिरीच्या तोंडावरून पलीकडच्या झाडांवर पडत होते, आत मिट्ट काळोख. सगळी वाडी भोवती जमलेली, तिचा नवरा कठड्याजवळ उभा. “पानी काढताना पाय घसरला हो तिचा.” मी दिव्याच्या हुकात दोर बांधला आणि तो खाली सोडला.

आत लख्ख उजेड पडला. गुडघाभर नितळ पाणी, आणि दगडाला पाठ लावून उभी असलेली बाई. कपाळ फुटलेलं, पण जिवंत! सुनंदा तिचं नाव. आम्ही एका बाजेला चारी कोपऱ्यांना दोर बांधून ती खाली सोडली. एक दोर खाली पोचता पोचता सुटला, तो तिनेच पुन्हा बांधला. तेवढ्या सगळ्या वेळात दिवा एकदाही लुकलुकला नाही.

आणि मी आणखी एक गोष्ट पाहिली. त्या पाण्यात ना हंडा होता, ना कळशी, ना पोहरा. वर कठड्यावरही काही नाही. पाणी काढायला आलेली बाई काय ओंजळीने पाणी नेणार होती?

वर आल्यावर ती माझा हात धरून, नवऱ्याकडे बोट दाखवत एवढंच म्हणाली, “ताई, यानीच ढकलला माना.”

मी तिथेच पंचनामा केला. कशाच्या उजेडात केला हे लिहावं लागतं, ते लिहिलं. विहिरीत भांडं नव्हतं, हेही लिहिलं. सुनंदाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, त्या गडबडीत नवरा रात्रभर वाडीतच राहिला. सकाळी पुन्हा गेलो तर विहिरीत हंडा! नवरा छाती काढून सांगतोय, “बघा, हंडा होता ना!” माझं डोकंच फिरलं. आता त्याच्याविरुद्ध काय होतं? सुनंदाचा शब्द आणि त्या उजेडात मी पाहिलेलं.

ठाण्यात परतलो आणि साहेबांना दाखवायला दिवा लावला... लागेना. प्लगला लावला की लागायचा, काढला की गुल. पाटीलने स्क्रू काढले.

आत बॅटरी नव्हती. बॅटरीच्या जागी सिमेंटच्या विटेचा तुकडा, स्पंजात घट्ट बसवलेला. दोन वायरी मोकळ्या, त्यांच्या टोकांचं प्लास्टिकसुद्धा कधी सोललेलं नव्हतं.

मी तणतणत उल्हासनगरला. काका माझ्याहून जास्त हादरले. तिथल्या तिथे बाकीचे सगळे पीस उघडले, सगळ्यांत बॅटऱ्या. “मैडम, फिर ये कुएँ में जला कैसे?” म्हणत त्यांनी झूलेलालचं नाव घेतलं आणि दिव्याला हात लावायलाच तयार होईनात.

साहेब म्हणाले, “गायकवाड, बॅटरीचं कुठे बोलू नका. केस कोसळेल.” पण पाटीलच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? दोन दिवसांत लोक ‘गावदेवीचा दिवा’ म्हणत हार घेऊन ठाण्यात आले. असा संताप झाला म्हणून सांगू! सुटलेल्या दोराला गाठ सुनंदाने मारली आणि हार दिव्याला?

केस उभी राहिली तोवर पंचनाम्यावर सह्या केलेले वाडीतले दोन्ही पंच फितूर झाले होते. आरोपीच्या वकिलाने मला विचारलं, “दिव्यात बॅटरी होती?”

“नव्हती.”

“मग उजेड कसला होता?”

“माहीत नाही. पण होता.”

कोर्टात हशा पिकला. वकील हात पसरून म्हणाला, बॅटरी नाही म्हणजे उजेड नाही, आणि उजेड नाही म्हणजे हवालदार बाईंनी काहीच पाहिलं नाही. मी खऱ्याला खरं म्हटलं आणि खोटी ठरले. घरी जाऊन रडले, रागाने.

पुढच्या तारखेला सुनंदाची साक्ष. तिलाही त्याने तोच प्रश्न टाकला. ती पदर सावरत म्हणाली, “उजेड नव्हता तं सुटलेला दोर मी बांधला कसा? न मी वर बघितला ना... सगल्यांची तोंडा दिसली माना. सगली घाबरलेली. यो एकटाच रागान बघत होता, मी जित्ती हाय म्हनून.”

या वेळी कुणी हसलं नाही. नवऱ्याला शिक्षा झाली.

दिवा कसा लागला? नंतर एका इलेक्ट्रिशियनला विचारलं, एका इंजिनियरला विचारलं. दोघं म्हणाले, मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल. माझा, पाटीलचा आणि अख्ख्या वाडीचा एकदम? माझ्याकडे आजही याचं उत्तर नाही आणि मी ते उगाच बनवणारही नाही.

पण इतकी वर्षं झाली, ओळखीतला जो भेटेल तो विचारतो, “मॅडम, तो दिवा कसा हो पेटला?” नवऱ्याने बायकोला विहिरीत ढकललं, याचं मात्र कुणाला नवल वाटत नाही. सुनंदा कशी आहे, हे आजवर एकाने विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगते. ती बदलापूर गावात खोली घेऊन राहते, पोळ्या करून देते, आणि बरी आहे.