खारूच्या गल्लीत कुणीच नव्हतं

साल २००४, जूनमधला शुक्रवार, संध्याकाळचे सात. रक्कम साडेअकरा लाख रुपये. येरवड्यातल्या आमच्या ॲनिमेशन स्टुडिओच्या कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही तिघं होतो: मालक बापट सर, दिग्दर्शिका मंजिरी आणि प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून मी. चौथी लिंडा, स्पीकरफोनवर. ती अमेरिकेतल्या एका मुलांच्या चॅनलची अधिकारी. साडेअकरा लाख पायलटचे, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागाचे. तो पास झाला तर पुढची मालिका आमची. नाही झाला तर वीस जणांचे पगार किती दिवस निघतील, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

गोष्ट मंजिरीची होती. खारू नावाची सात वर्षांची खारुताई पहिल्यांदाच एकटी दळण घेऊन गिरणीत जाते आणि पीठ घेऊन परत येते. बस, एवढीच. आम्ही ॲनिमॅटिक पाठवलं होतं. ॲनिमॅटिक म्हणजे कच्ची फिल्म. चित्रं फारशी हलत नाहीत, पण आवाजासकट एकामागून एक लावलेली असतात.

"गोष्ट छान आहे," लिंडा म्हणाली. "पण हिची आई कुठे आहे?"

"घरी," मंजिरी म्हणाली.

"आणि एवढीशी मुलगी रस्त्यावर एकटी? आमच्याकडचे पालक तक्रारी करतील. आईला सोबत पाठवा."

"मग गोष्टच उरत नाही."

"तुमच्याकडे मुलं खरंच अशी जातात?"

"ऑल द टाइम," सर लगेच म्हणाले.

"तुमच्यापैकी कुणाची?"

सरांचा मुलगा क्लासलासुद्धा गाडीतून जायचा. मंजिरीचं लग्न व्हायचं होतं. उरलो मी. माझी सई तेव्हा आठ वर्षांची होती.

"माझी नाही जात," मी म्हणालो.

लिंडाने सोमवारपर्यंत मुदत दिली. फोन बंद झाल्यावर सर माझ्याकडे वळले.

"हो म्हणायला काय पैसे पडत होते?"

"सर, तिने सईलाच फोनवर बोलवा म्हटलं असतं."

"सोमवारी आई घाला," सर म्हणाले आणि उठले. मंजिरीने स्केचेस गोळा केली. गिरणीचं चित्र तेवढं पर्समध्ये ठेवलं.

घरी विश्रांतवाडीला जाताना मला माझी गिरणी आठवत राहिली. सईपेक्षा लहान असताना आमच्या घरचं दळण माझ्याकडे होतं. रांगेत माणसांऐवजी डबे उभे असायचे. माझं काम पहारा देण्याचं. आपल्या आधी कुणाची बाजरी दळली असेल तर थांबायचं आणि कुणाच्या तरी गव्हानंतर नंबर लावायचा. कारण गिरणीत राहिलेलं आधीचं पीठ आपल्या कणकेत उतरतं. चुकलो तर आई पहिल्या पोळीलाच ओळखायची. थंडीत परत येताना गरम डबा पोटाशी धरायचो. घर आलं तरी खाली ठेवावासा वाटत नसे.

रविवारी सकाळी मी बायकोला, सुलभाला, म्हणालो, "आज दळणाला सईला पाठवू या का?"

"मी कधीची म्हणतेय. घाबरता तुम्हीच."

तिने लहान डब्यात गहू भरले. सई निघाली. मी थोडं अंतर ठेवून मागे निघालो.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने हात न थांबवता विचारलं, "काय सईबाई, आज एकट्याच?" वरच्या बाल्कनीतून एक आजी ओरडल्या, "दोन्ही हातांनी धर गं डबा." चौकात भाजीवाल्या मावशींनी हात आडवा करून एक रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याचं काहीबाही ऐकून घेतलं आणि सईला पलीकडे सोडलं. मी विजेच्या खांबाआड उभा होतो.

"साहेब, या आता बाहेर," इस्त्रीवाला मागून म्हणाला. "पोचली ती."

गिरणीत सई विचारत होती, "काका, आधी काय दळलंत?"

"ज्वारी."

"मग मी थांबते." हे तिला सुलभाने शिकवलेलं.

तिथेच माझ्या लक्षात आलं की आमच्या ॲनिमॅटिकमध्ये गल्ली रिकामी होती. नवं कॅरेक्टर म्हणजे ते सगळ्या बाजूंनी काढायचं, रंगवायचं, हलवायचं. खर्च वाढतो. म्हणून पायलटमध्ये ज्याचं गोष्टीवाचून अडत नाही ते कॅरेक्टर कापायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. मंजिरीच्या पहिल्या स्केचेसमध्ये माणसं होती. बजेटच्या मीटिंगमध्ये ती गेली. लिंडाला दिसला तो ओसाड रस्ता आणि त्यावर एक पोर. तिचं काही चुकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी सरांना म्हणालो, "आई नको. इस्त्रीवाला, आजी, भाजीवाली अशी तीन कॅरेक्टर वाढवू या."

"खर्च?"

"साठ हजार. तिघंही जागचे हलत नाहीत. इस्त्रीवाल्याचा फक्त हात हलतो."

"आणणार कुठून?"

"शेवटचं गाणं निम्मं करू."

"ते गाणं मी लिहिलंय."

"माहीत आहे, सर."

"दुसरं कडवं ठेवा," सर म्हणाले.

मंजिरीने पर्समधून गिरणीचं चित्र काढलं आणि दुपारपर्यंत गल्ली भरली. संध्याकाळी लिंडाने नवं ॲनिमॅटिक पाहिलं.

"हा इस्त्री करणारा तिचा कोण?"

"कुणी नाही," मंजिरी म्हणाली.

"मग तो तिला का विचारतो?"

सर म्हणाले, "तो सगळ्यांनाच विचारतो."

लिंडा हसली. आई घरीच राहिली आणि पायलट पास झाला.

त्यानंतर बजेट कापताना मी गर्दी सगळ्यात शेवटी कापली. आता आमच्या गल्लीत गिरणी नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे. आम्हीही तयार पिठाची पिशवी आणतो.

चॅनलने साडेअकरा लाख पूर्ण दिले. गाण्यातून वाचलेले साठ हजार मंजिरीच्या टीमच्या चित्रकारांना गेले. रविवारच्या दळणाचे आठ रुपये गिरणीवाल्याला सईने स्वतः दिले. मी तिला दहाची नोट दिली होती. उरलेल्या दोन रुपयांचा हिशेब मी विचारला नाही.