अकरावा खाडा

थंडीच्या मुलखात राहायला काय काय लागतं, असं कुणी विचारलं की आमच्याकडचे लोक पहिलं सरपण सांगतात. मग लोकरीचे मोजे, गुरांचा चारा, टायरांच्या साखळ्या, दर हिवाळ्यात न चुकता फुटणारा नळ. सांगताना त्यांना चेवही चढतो. पण पोरं द्यावी लागतात, हे कुणी सांगत नाही. सहा वर्षांचं झालं की पोर उचलायचं आणि लांब कोयाइके शहरातल्या वसतिगृहात नेऊन ठेवायचं. रस्ता बर्फात, शाळा लांब, आणि सगळेच ठेवतात. मार्चमध्ये सोडायचं, डिसेंबरात आणायचं, मधे रस्त्याने कृपा केली तर एखादा शनिवार-रविवार. असं बारा वर्षं. मग ते परत येतं, आणि आपल्याच घरात पाहुणं होऊन बसतं.

क्लोरिंदा कार्कामोला हे कळलं ते मिठावरून.

तिची थोरली यास्ना अठराव्या वर्षी वसतिगृहातून सुटली आणि लास लेंगासच्या शाळेत स्वयंपाकघरात लागली. लास लेंगास म्हणजे आमचं गाव. क्लोरिंदाचं घर तिथून सात किलोमीटर वर, डोंगराच्या अंगाला. पण यास्ना घरी राहायला आली नाही, गावातच तिने खोली घेतली. रविवारी जेवायला यायची. एका रविवारी ती रश्शाच्या पातेल्यावरचं झाकण हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मीठ कुठे ठेवतेस?" मीठ चुलीवरच्या फळीवर होतं. यास्नाचा जन्म व्हायच्या आधीपासून तिथेच होतं. क्लोरिंदाने काढून दिलं. सगळे जेवले, रस्सा चांगला झाला म्हणाले, यास्ना गेली, आणि क्लोरिंदा भांडी घासता घासता रडली.

धाकटी रायेन तेव्हा पाच वर्षांची होती. क्लोरिंदाने हात पुसले आणि नवऱ्याला सांगितलं, "हिला मी पाठवणार नाही."

नवरा नोल्बेर्तो समुद्रावरच्या माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला. वीस दिवस तिकडे, दहा दिवस घरी. तो म्हणाला, "आणि शाळेत कोण नेणार? मी इथे नाही, घोडीच्या पोटात शिंगरू, हिवाळ्यात रस्त्याची काच झालेली असते."

"मी नेईन."

"रोज?"

"शाळा रोजच असते ना?"

नोल्बेर्तोने हात टेकले. तो काही वाईट माणूस नाही, फक्त बायकोने एकदा ठरवलं की आपण मधे पडू नये, एवढं त्याला लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजलेलं.

तसं यास्नाच्या वेळेपेक्षा आता एक गोष्ट बरी होती. दोन वर्षांपासून शाळेची गाडी वर पुलापर्यंत येत होती. बरोबर साडेसातला. पूल घरापासून चार किलोमीटर. यास्नाच्या वेळी गाडीच नव्हती, सातच्या सात किलोमीटर तुडवावे लागले असते, ते काय शक्य होतं? असं क्लोरिंदा स्वतःला सांगायची, आणि कुणी न विचारता दुसऱ्यांनाही सांगायची.

मुख्याध्यापिका मिर्नाबाई समजूतदार होत्या, पण वरच्या पोरांचा त्यांना चांगलाच अनुभव होता. त्या म्हणाल्या, "क्लोरिंदाबाई, वरची मुलं हिवाळ्यात चाळीस चाळीस दिवस येत नाहीत आणि मग वर्ष वाया जातं. मी वसतिगृहात रायेनची जागा राखून ठेवते. जून ते ऑगस्ट, हिवाळ्याच्या तीन महिन्यांत, दहा खाडे मी चालवून घेईन. अकरावा झाला की पुढच्या सोमवारी ती कोयाइकेला जाईल. कबूल?"

"कबूल," क्लोरिंदा म्हणाली.

शेजारणींनी तोंडसुख घेतलं. सगळ्यांची पोरं जातात, हिचीच तेवढी सोन्याची लागून गेली. पलीकडच्या मळ्यावरची एलियाना तर तोंडावरच म्हणाली, "तू तिला जवळ ठेवणार, म्हणजे आम्ही काय आमची टाकून दिली?" हाच प्रश्न क्लोरिंदा स्वतः वर्षभर गिळून बसली होती. यास्ना मात्र एवढंच म्हणाली, "बघ, जमतंय का."

जमलं. जूनमध्ये घोडीवरून, जुलैमध्ये बर्फ पडल्यावर पायी. बुटांवरून नोल्बेर्तोचे जाड लोकरी मोजे चढवायचे, म्हणजे बर्फावर पाय धरतो. रायेन तोलली तर सतरा किलोची, पण तोंड सत्तर किलोचं. चार किलोमीटर तिची टकळी चालू असायची. तरी खाडे होतच गेले. चार दिवस वादळ. तीन दिवस ताप. दोन दिवस ओढ्याने रस्ता खाल्ला. एक दिवस घोडी अडली, शिंगरू मेलेलं निघालं, आणि क्लोरिंदा कोपरापर्यंत रक्तात. ऑगस्टचा दुसरा आठवडा आला तेव्हा दहाचे दहा संपले होते.

मंगळवारी संध्याकाळी पाऊस पडला आणि रायेन शाळेतून येताना चरात गेली. गुडघ्यापर्यंत भिजली. क्लोरिंदाने तिचे बूट चुलीच्या भट्टीत, म्हणजे विस्तवाशेजारच्या पाव भाजायच्या कप्प्यात ठेवले, दार उघडं टाकून. यात वेगळं काही नाही. आमच्याकडे लोखंडी चुलीच्या भट्टीत पाव जितका भाजला जातो त्याहून जास्त मोजे वाळतात. काटक्या वाळतात, गारठलेलं कोकरू टॉवेलात गुंडाळून तिथेच जिवंत होतं. फक्त सकाळी विस्तव पेटवायच्या आधी आत हात घालून बघायचं. हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

बुधवारी क्लोरिंदा पाचला उठली. पावसावर रात्रीचा गारठा पडून बाहेर सगळं काचेसारखं झालं होतं. आज वेळ लागणार, हे खिडकीतूनच कळलं. तिने घाईघाईने वाळकी लाकडं कोंबली, काडी लावली, आणि वाटेत आडवं येणारं भट्टीचं दार गुडघ्याने लोटून दिलं. मग ती गुरांच्या टाकीवरचं बर्फ फोडायला गेली. परत आली तेव्हा घरभर जळक्या रबराचा वास.

बूट काढले तेव्हा ते बाहुलीला बसतील एवढे झाले होते. तळ वर वळलेले.

रायेन डोळे चोळत उभी होती. तिने बुटांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, आज नाश्त्याला बूट आहेत का?"

क्लोरिंदाला हसू आलं नाही. ती खुर्चीवर बसली. दुसरे बूट नव्हते. उन्हाळ्यातले लहान झालेले, शाळेतले सपाते शाळेत. स्वतःच्या मूर्खपणाची तिला भयंकर चीड आली. चार दिवसांचं वादळ तिने पचवलं होतं, मेलेलं शिंगरू पचवलं होतं, आणि आता गुडघ्याच्या एका धक्क्याने पोर जाणार? वसतिगृहात, लोखंडी खाटेवर, दिवे गेल्यावर उशीत तोंड खुपसून? "जाऊ देणार नाही," ती मोठ्याने म्हणाली, आणि उठली.

खुंटीवर नोल्बेर्तोचं खोगीर होतं. त्यावर मेंढीची जाड कातडी, त्याची फार लाडकी. क्लोरिंदाने सुरी घेतली आणि तिचे दोन तुकडे केले. तिचा आजा हे रान तोडून पहिल्यांदा इथे आला तेव्हा बूट कुणाकडे होते? तामांगो बांधायचे, कातडी पायाभोवती गुंडाळून, लोकर आत, वरून चामड्याची वादी. लहानपणी आज्याचे तामांगो तिने बांधून दिले होते. हात विसरले नव्हते.

"मी हे घालून नाही जाणार," रायेन म्हणाली. "मुलं हसतील."

"हसू देत. कोण कोण हसलं त्यांची नावं मला सांग."

"मग काय करशील?"

"त्यांच्या आयांना सांगेन. मोजे चढव वरून."

सहा वाजता दोघी निघाल्या. काळोख, वारा पडलेला, रस्ता चकाकत होता. पहिले दोन किलोमीटर बरे गेले. रायेनचे पाय ऊबदार होते, त्यामुळे तोंडही चालू होतं. पण ओढ्यापाशी पाणी रस्त्यावर येऊन गोठलं होतं, आणि मधोमध बर्फ नुसतं पापुद्र्यासारखं. रायेनचे दोन्ही पाय आत गेले.

ओली कातडी म्हणजे दगड. क्लोरिंदाने ते सगळं सोडून फेकून दिलं, पोरीचे पाय स्वतःच्या काखेत धरून चोळले, तिला पाठीवर घेतलं आणि वरून पाँचो घातला, डोक्यातून घालायची जाड घोंगडी. "पाय माझ्या कोटाच्या खिशात घाल. दोन्ही बाजूंनी. आणि मान सोड, गळा दाबतेयस."

"घसरलीस तर?"

"तर मी खाली आणि तू वर. तुझं काय जातंय?"

ती दोनदा पडली. एकदा गुडघ्यावर, एकदा कोपरावर. दोन्ही वेळा रायेन वरच राहिली. पुलापाशी पोचल्या तेव्हा आठला वीस मिनिटं कमी होती आणि गाडी नव्हती. बर्फावर टायरांच्या ताज्या खुणा. गाडीवाला सांदालियोकाका पाच मिनिटं थांबला असेल, फार तर सात. त्याचाही दोष नाही, गाडीत बाकीची पोरं गारठलेली असतात.

"आई, गाडी गेली."

"दिसतंय मला."

"आता घरी जायचं?"

क्लोरिंदा पुलाच्या कठड्याला टेकली. पाठ भरून आली होती, गुडघ्यातून रक्त येऊन मोजा चिकटला होता. घर चार किलोमीटर. शाळा तीन. हजेरीचं पुस्तक साडेनऊला बंद होतं. इतकी वर्षं ज्या सात किलोमीटरांची तिने ढाल केली होती, त्यातले चार तर मागेच पडले होते. तिने पोरीला पाठीवर नीट सरकवलं आणि पूल ओलांडला.

त्यानंतरचं तिला फारसं आठवत नाही. रायेन झोपू नये म्हणून तिला पाढे म्हणायला लावले, एवढं आठवतं. रायेनला दोनाचाच पाढा येत होता, तो तिने पन्नासदा तरी म्हटला असेल.

शाळेच्या दारात मिर्नाबाई पुस्तक काखेत घेऊनच निघाल्या होत्या. समोर पाँचोतून दोन डोकी बाहेर आलेली पाहून त्या थबकल्या. घड्याळात सव्वानऊ. त्यांनी क्लोरिंदाचा गुडघा पाहिला, खिशातून निघालेले पोरीचे उघडे पाय पाहिले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

"क्लोरिंदाबाई, बर्फ किती आहे ते मला दिसत नाही का? आजच्या दिवस मी हजर लिहिलं असतं."

"तुम्ही लिहिलं असतं," क्लोरिंदा म्हणाली, "पण ती इथे नसती ना. आता आहे. लिहा."

मिर्नाबाईंनी तिथेच, दारात उभ्या उभ्या लिहिलं.

स्वयंपाकघरात चूल रसरसलेली होती. शाळेतली पोरं तिथल्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात, म्हणून रायेनही सख्ख्या बहिणीला शाळेत मावशीच म्हणायची. "यास्ना मावशी, आईने माझे बूट भाजले," ती ओरडली, आणि बाकावर चढून बसली. यास्नाने काही न विचारता तिचे पाय कोमट पाण्यात सोडले, लाल होईपर्यंत हलकेच धरून ठेवले, मग पुसले, शाळेतले सपाते चढवले, दुधाचा पेला हातात दिला आणि तिला वर्गात पिटाळलं. मग तिने आईला खुर्ची ओढून दिली आणि ओलं फडकं घेऊन गुडघ्यापाशी बसली.

"गाडीने नाही आलात," यास्ना म्हणाली.

"गाडी चुकली."

"म्हणजे घरापासून चालत?"

"ती ओढ्यापर्यंत चालली. मग मी घेतलं."

यास्नाने फडकं पिळलं. पाणी गुलाबी झालं होतं. "माझ्या वेळी तू म्हणायचीस, सात किलोमीटर आहेत, रस्ता बर्फाचा, गाडी नाही. वसतिगृहात मी ते सगळ्यांना सांगायचे. रडणाऱ्या मुलींना समजावायचे. आमच्या आया रोज शाळेत आणतील कशा, सात किलोमीटर आहेत."

क्लोरिंदाला वाटलं, आता म्हणावं, तेव्हा मी लहान होते, तेव्हा सगळेच पाठवायचे, मला कुणी सांगितलंच नाही. सगळं खरं होतं. शब्द ओठावर आलेही. पण आज ती ते सात किलोमीटर पायाखाली घालून आली होती, आणि त्यांची लांबी तिला आता नीट माहीत होती.

यास्नाने मान वर न करता विचारलं, "फार जड झाली का गं ती?"

"तुझ्याएवढीच आहे," क्लोरिंदा म्हणाली. "सहाव्या वर्षी तू एवढीच होतीस. तुला आणता आलं असतं मला."