खंबावतीची शहानिशा

“आठवून सांगितलं, का बघून?” उजवी भुवई चढवून आमचे तपासनीस विचारायचे. मोबाइलवर भुवई दिसत नाही, पण त्यांच्या लिहिण्यातूनही ती आम्हाला दिसे.

परभणीकडच्या आम्हा गाणंवेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. रोज संध्याकाळी एक अक्षर येतं. त्या अक्षराने सुरू होणारा राग माहितीसकट सांगायचा. मोबाइलात शोधायचं नाही, हा एकच नियम, आणि तो पाळला जातो का हे बघायचं काम त्यांनी आपणहून घेतलेलं. जन्म एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून गेला. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. माझ्याकडे आले की बेल दाबायच्या आधी दाराबाहेरच्या चपला न्याहाळत. “आत कोण बसलंय ते कळावं,” म्हणत.

एकदा ‘ख’ आला. आम्ही सगळे खमाजवर अडलेलो. तेवढ्यात वालूरच्या एका बाईंनी खंबावती लिहिला. थाट, वादी-संवादी, गायची वेळ, सगळं. बाई नव्या होत्या, कुणी पाहिलेल्या नव्हत्या.

लगेच मला तपासनिसांचा फोन. “आठवणारा माणूस अडखळतो. ह्या बाई अडखळत न्हाईत. जाऊन बघू.”

“अहो, खेळ आहे.”

“म्हणूनच.”

रविवारी मोटारसायकलवर वालूर गाठलं. बाईंचे यजमान वारलेले, मुलगी सासरी. घरात त्या एकट्या. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. चहा उकळेपर्यंतही यांना धीर नव्हता. “बाई, खंबावती जरा गुणगुणून दाखवता का?”

बाई पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी बघूनच लिहिते. ऐकायला लय आवडतं, कळत काही न्हाई. उत्तर दिलं की तुमी सगळे ‘वा’ म्हणता. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलतं.”

आता हे पंचनामा करणार, असं मला वाटलं. ते चहा पिऊन उठले.

संध्याकाळी ग्रुपात कुणीतरी विचारलंच, “काय निघालं तपासणीत?”

यांनी लिहिलं, “समक्ष पाहून आलो. बाईंचं सगळं तोंडपाठ हाय.”

मी वाचून चरकलो. हे धडधडीत खोटं होतं, पण लिहिणारे ते होते, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

पुढे त्यांची तब्येत ढासळली. हैदराबादच्या त्यांच्या मुलीने तिकडे न्यायचं ठरवलं. परभणी स्टेशनवर त्यांनी गाडी हीच का, हे हमालाला विचारलं, मग चहावाल्याला, आणि तरीही पाटी स्वतः वाचली. खिडकीशी बसल्यावर मला बोटाने जवळ बोलावलं.

“वालूरकडं नजर ठेवा.”

“आता कशाला त्या बाईंवर?”

“बाईंवर न्हाई. त्यांच्यावर कुणी शंका घ्यायलंय का, ते बघा.”

हैदराबादहून ते परतले नाहीत. मला दिसतात ते तसेच: गाडी पुढच्या पिंगळी स्टेशनाच्या दिशेने हलतेय, आणि हे समोरच्या बाकावरच्या प्रवाशाकडे वळून, हात पुढे करून, त्याचं तिकीट मागतायत.