हर्सूलपर्यंत नेऊन आणलेले घड्याळ

शहागंजात ज्यांच्या मनगटावर बरोबर वाजलेले असतात, त्यांतल्या निम्म्या लोकांची वेळ एकाच माणसाने लावून दिलेली आहे, आणि तो माणूस आयुष्यात एकदाही कुठे वेळेवर पोचलेला नाही. मी त्यांना घड्याळवाले चाचा म्हणतो. टॉवरच्या घड्याळापासून हाकेच्या अंतरावर, अत्तराचे दुकान आणि चपलांचे दुकान यांच्यामधल्या फटीत ते बसतात. एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि चाचा, एवढ्यात दुकान भरते. गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहायचे. भिंतीवर सतरा घड्याळे आहेत आणि ती सतरा निरनिराळ्या वेळा दाखवतात. यातले खरे कोणते, असे विचारले तर चाचा रस्त्याकडे पाहतात आणि समोरच्या दूधवाल्याचे शटर किती वर गेले आहे यावरून वेळ सांगतात. ती बरोबर असते. स्वतःच्या निकाहला ते चाळीस मिनिटे उशिरा बसले. हॉलमध्ये ते वेळेआधी हजर होते, याला साक्षीदार आहेत. पण तिथले भिंतीवरचे घड्याळ मागे पडलेले दिसले आणि नवरदेव सेहऱ्यासह स्टुलावर चढले. काझीसाहेब खाली थांबले. चाची हा प्रसंग आजही चाचांच्या देखत पाहुण्यांना सांगतात आणि शेवटी म्हणतात, "मैं तो दुसरीच हूँ. पहली घड़ी."

घड्याळ कधी मिळेल हे चाचा सांगत नाहीत. घड्याळाला काय झाले हेही सांगत नाहीत. ते आधी माणूस तपासतात. करमाडचे एक निवृत्त मास्तर ऑटोमॅटिक घड्याळ घेऊन आले. रोज दुपारी बंद पडते, अशी तक्रार होती. चाचांनी घड्याळाला हात लावला नाही. मास्तरांना त्यांनी भर बाजारात चपलांच्या दुकानापासून रसवंतीपर्यंत दोनदा चालायला लावले आणि निकाल दिला, "घड्याळ चांगलं आहे, गुरुजी. तुम्ही हात मागं बांधून चालता. याला चावी हात हलल्यावर बसते. तुमच्याकडं हे उपाशी आहे." मास्तर तेव्हापासून उजवा हात मागे ठेवतात आणि डावा मोकळा सोडतात.

या ऑटोमॅटिक घड्याळांमुळेच चाचा लहानपणी धावायला लागले. त्यांच्या वडिलांचा नियम होता की टेबलावर चाललेले घड्याळ दुरुस्त झालेले धरायचे नाही; मनगटावर, धक्के खाऊन चालले तर धरायचे. त्यासाठी मनगट चाचांचे होते. पहाटे दोन्ही हातांना कोपरापर्यंत घड्याळे बांधून ते शहागंजातून निघायचे, दिल्ली गेटमधून हर्सूलच्या तलावापर्यंत जायचे, पाण्याला हात लावून परत यायचे. जाऊन-येऊन दहा किलोमीटर. घरी आल्यावर वडील एकेक घड्याळ टेबलावरच्या घड्याळाशी ताडून पाहायचे. तासाच्या वर वेळ लागला तर घड्याळांची तपासणी रद्द, कारण वडिलांच्या मते पोरगे वाटेत कुठेतरी बसले होते. शाळेच्या शर्यतीत चाचा पहिले आले तेव्हा खेळाच्या सरांनी त्यांना जिल्ह्याला न्यायचे ठरवले. चाचांनी विचारले, तिथे कोणाचे घड्याळ तपासायचे आहे. कोणाचेच नाही, असे कळल्यावर ते गेले नाहीत. पुढे सेलची घड्याळे आली. सेलच्या घड्याळाला धावण्याने काही फरक पडत नाही. चाचा खुर्चीत बसले ते पस्तीस वर्षे बसले. पोट आले, गुडघे कुरकुरू लागले, आणि हर्सूलला जायचेच झाले तर ते रिक्षाने जाऊ लागले.

माझे वडील गेले त्यानंतर त्यांचे ऑटोमॅटिक घड्याळ दोन वर्षे कपाटात बंद होते. मी ते चाचांकडे नेले. त्यांनी ते ओळखले. "तुमचे वडील हात लई हलवत चालायचे," ते म्हणाले. "हे त्यांच्याकडं कधी थांबलंच नाय." आठ दिवसांत काम झाले. राहिला होता तो घरचा नियम, आणि चाचांचे वय अठ्ठावन्न होते. पहिल्या दिवशी ते मुलाचे जुने बूट घालून दिल्ली गेटपर्यंत गेले आणि रिक्षाने परतले. रिक्षातले धक्के हिशेबात धरता येत नाहीत म्हणून तपासणी दुसऱ्या दिवशी नव्याने घ्यावी लागली. महिन्याभरात ते वाटेवरच्या जेलच्या भिंतीपर्यंत पोचले, दोन महिन्यांत तलावापर्यंत. मी घड्याळ मागायला गेलो की उत्तर ठरलेले, "अजून चाल बसली नाय." एकदा घड्याळ म्हणे थंडीत मागे पडत होते. एकदा चढावर बरोबर आणि उतारावर घाई करत होते. चार महिने हे चालले. या तक्रारी घड्याळाच्या नव्हत्या हे मला कळत होते. चाचींनी त्याला दुजोरा दिला. पहाटेची फजरची नमाज झाली की चाचा बुटांच्या नाड्या बांधून दारात उभे, असे त्यांनी सांगितले. "निकाह को इतनी जल्दी नहीं थी."

तेवढ्यात शहरात दहा किलोमीटरच्या शर्यतीची पोस्टरे लागली. ती बातमी मीच चाचांना दिली. त्यांनी दोन प्रश्न विचारले. अंतर नक्की दहाच का, आणि वेळ कोणाच्या घड्याळाने मोजतात. पाठीमागे चिप चिकटवलेला नंबर छातीवर लावायचा, बाकी कॉम्प्युटर पाहतो, असे मी सांगितले. चाचांनी नाव दिले. तासाच्या आत यायचे हे त्यांनी ठरवले होते, आणि ते कोणासाठी हे विचारण्याची गरज नव्हती. आदल्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो तेव्हा नंबरचा कागद टेबलावर पालथा होता, चाचांच्या डोळ्याला भिंग होते आणि चिमट्यात चिप होती. चिप उघडलेली होती.

"आत काहीच नाय हो," ते म्हणाले. "एक तार. ना चक्र, ना स्प्रिंग. मग हे वेळ कशावर मोजतं?"

त्यांनी ती इतक्या सफाईने परत चिकटवली की उघडली होती हे कोणालाही कळले नसते.

शर्यतीच्या सकाळी चाची आणि मी शेवटच्या रेषेजवळ उभे होतो. चाचा पायजमा मोज्यांत खोचून आले. चेहरा लाल होता, डोळे समोर, आणि माझ्या वडिलांचे घड्याळ बांधलेला डावा हात उजव्यापेक्षा जरा जास्त हलत होता. पलीकडच्या पडद्यावर धावकांची नावे आणि वेळा उमटत होत्या. चाचांच्या पुढच्याचे नाव उमटले, मागच्याचेही उमटले. कॉम्प्युटरवरच्या तरुणाने दोनदा शोधले. त्याच्या नोंदीप्रमाणे चाचा धावलेच नव्हते. त्याने नम्रपणे विचारले की काका, चिप ओली झाली होती का. चाचा खरे बोलले. तरुणाने त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. चाची म्हणाल्या, "कॉम्प्युटर को बोलो, मैं देखी."

चाचांनी घड्याळ सोडून माझ्या हातात ठेवले. "निघताना बघितलं, आता बघितलं. अठ्ठावन्न मिनिटं, वर काही सेकंद. चाल बसली. न्या आता."

मी नेले. दुसऱ्या दिवसापासून चाचांचे दुकान वेळेवर उघडू लागले. बाजाराने याची नोंद घेतली. अत्तरवाल्याने तर घरी कोणी आजारी आहे का, अशी चौकशी केली. नंबरचा कागद भिंतीवर सतरा घड्याळांच्या मधोमध लावलेला होता, नीट, चार टाचण्यांनी. बूट टेबलाखाली होते आणि त्यांवर धूळ होती. पुढच्या शर्यतीचे पोस्टर मी दाखवले. चाचांनी ते वाचले आणि मला परत दिले. "कशाला? तपासायचं काय आहे?" त्याच आठवड्यात चाचींचा मला फोन आला. चाचा फजरनंतर नुसते बसून राहतात, समोरचा चहा थंड होतो, असे त्यांनी सांगितले. काही करा, असे त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या बातमीदारीच्या धंद्यात पाहिलेले लिहायचे असते, त्यात हात घालायचा नसतो. एवढे मात्र खरे की शनिवारी मी वाट वाकडी करून शहागंजात गेलो, घड्याळ काढले आणि चाचांच्या टेबलावर ठेवले. मागे पडतंय, असे सांगितले.

ते मागे पडत नव्हते. सकाळीच मी ते फोनशी ताडून पाहिले होते.

चाचांनी घड्याळ कानाला लावले. नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखणारा हा माणूस आहे. तो बराच वेळ ऐकत राहिला. बाजारात गाड्या होत्या, भोंगे होते, कांदेवाला ओरडत होता. मग त्याने भिंगाच्या वरून माझ्याकडे पाहिले.

"किती पडतंय?"

"दिवसाला दोन मिनिटं."

"लई झालं," चाचा म्हणाले. त्यांनी घड्याळ उघडले नाही. पट्टा मनगटावर बांधला, टेबलाखाली वाकले आणि फडक्याने बूट पुसू लागले.

सोमवारी दुकान उशिरा उघडले. त्यानंतर ते घड्याळ मी मागितलेले नाही आणि चाचांनी त्याचा विषय काढलेला नाही. मी वेळ फोनवर पाहतो. कधी पहाटेच्या बातमीसाठी हर्सूलकडे जावे लागते, तेव्हा जेलच्या भिंतीकडून एक माणूस येताना दिसतो. लांबून चेहरा कळत नाही. उजव्यापेक्षा जरा जास्त हलणारा डावा हात तेवढा दिसतो. माझे वडील संध्याकाळी घरी येताना गल्लीच्या तोंडाशी असेच दिसायचे. मी गाडी बाजूला घेतो आणि तो जाईपर्यंत थांबतो.