टाळ्या कवा वाजवायच्या?

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. क्रांती चौकाजवळच्या मैदानावर आमच्या क्लबचा बास्केटबॉलचा सामना असला, की ते कन्नड तालुक्यातून एसटीनं यायचे आणि आमच्या मागच्या पायरीवर बसायचे. आपली बास्केट झाली की मांडीवरची पिशवी नीट बाजूला ठेवायचे, मोजून तीन टाळ्या वाजवायचे आणि पिशवी परत मांडीवर घ्यायचे.

शेवटच्या साखळी सामन्याला माझं आणि मेहुण्याचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. उपांत्य फेरी पक्की होती. पण आज जिंकलो, तर तिथं आम्हाला दोनदा लोळवणारा संघ समोर येणार होता. हरलो, तर सोपा संघ. मेहुण्याला ते पटत नव्हतं. मी मात्र ठासून सांगत होतो, आज मुद्दाम हरलं पाहिजे.

ते काका मागून पुढं वाकले. "म्हंजी आज हरायचं हाय?"

"हो काका. डावपेच असतो तो."

"मंग टाळ्या कवा वाजवायच्या?"

"बघू," म्हणालो.

प्रशिक्षकानं आमच्या सगळ्यात चांगल्या पोराला बसवलं, उठवलं, परत बसवलं. त्याच्या मनात काय आहे, कुणालाच कळेना. शेवटी परत उतरवलेल्या त्याच पोरानं लांबून चेंडू फेकला आणि तो थेट जाळीत पडला. आम्ही जिंकलो.

मी मागं वळलो. काकांनी पिशवी बाजूला ठेवली होती. दोन्ही तळवे समोरासमोर धरून ते माझ्या हातांकडं बघत थांबले होते. माझेही हात तसेच हवेत होते.